ब्लोअर बेंटली : उसन्या ताकदीचा हिशेब

१/
शनिवार, २१ जून १९३०. फ्रान्समधील ल माँ शहराबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यांवर चोवीस तासांची मोटार शर्यत नुकतीच सुरू झाली होती. आघाडीवर होती जर्मन चालक रुडॉल्फ काराचिओला यांची सात लिटरची मर्सिडीझ एसएसके. तिच्या मागे एक अवजड इंग्रजी गाडी झपाट्याने अंतर कापत येत होती. मुलसानच्या लांब, सरळ रस्त्यावर त्या गाडीने दोन चाके गवतात घालून, ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने मर्सिडीझला मागे टाकले. मागच्या टायरचा रबरी थर सोलवटून उडाला होता. तरीही चालकाने वेग कमी केला नाही.

२/
चालक होते सर हेन्री ‘टिम’ बर्किन आणि गाडी होती ‘ब्लोअर’ बेंटली. मोटार शर्यतींच्या इतिहासात हा क्षण अजरामर झाला. मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी शर्यत संपली तेव्हा बर्किन यांची गाडी रस्त्यावर नव्हती. तिची जोडीदार दुसरी ब्लोअरही नव्हती. दोघींची इंजिने निकामी झाली होती. शर्यत जिंकली बेंटलीनेच, पण ती ब्लोअर नव्हती. ज्या गाडीच्या इंजिनाला बाहेरून कोणतीही ताकद जोडलेली नव्हती, ती पहिली आली. चांगल्या इंजिनात फेरफार करून शक्ती वाढवली की तिची किंमत कुठे कुठे मोजावी लागते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

३/
या कथेची सुरुवात एका रेल्वे कार्यशाळेत होते. वॉल्टर ओवेन बेंटली (१८८८–१९७१) यांनी तरुणपणी डॉनकास्टर येथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. वाफेचे इंजिन वर्षानुवर्षे, दिवसरात्र ओझे ओढत राहते. त्याची थोरवी क्षणिक वेगात नसते, टिकण्यात असते. हा संस्कार त्यांच्यावर कायमचा राहिला. पहिल्या महायुद्धात त्यांनी लढाऊ विमानांसाठी बीआर-१ आणि बीआर-२ ही इंजिने घडवली. ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा वापर करणाऱ्या आरंभीच्या अभियंत्यांत त्यांची गणना होते. आकाशात बंद पडलेले इंजिन म्हणजे वैमानिकाचा मृत्यू, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

४/
१९१९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये बेंटली मोटर्सची स्थापना केली. पुढे क्रिकलवुड हे तिचे घर झाले. गाडीला अधिक शक्ती हवी असेल तर काय करावे, याचे त्यांचे उत्तर सरळ होते : इंजिनच मोठे करावे. मोठ्या सिलिंडरात एका वेळी अधिक हवा आणि इंधन मावते. म्हणून इंजिनाला धाप न लागता अधिक काम करता येते. तीन लिटर, साडेचार लिटर, साडेसहा लिटर आणि शेवटी आठ लिटर, अशी त्यांच्या गाड्यांची चढती भाजणी याच विचारातून आली. आकारमान वाढवावे, ताण वाढवू नये, हे त्यांच्या अभियांत्रिकीचे सूत्र होते.

५/
ल माँची शर्यत या सूत्राची कसोटी होती. १९२३ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत चोवीस तासांत सर्वाधिक अंतर कापणारी गाडी विजयी ठरे. सरासरी मिनिटाला ३,००० फेरे धरले, तर चोवीस तासांत इंजिनाचा क्रँकशाफ्ट ४३ लाखांहून अधिक वेळा फिरतो. त्यांतील एका फेऱ्यात एखादा पिस्टन वितळला किंवा एखादा दांडा तुटला, तरी आधीचे सारे फेरे व्यर्थ ठरतात. बेंटली गाड्यांनी ही शर्यत १९२४, १९२७ आणि १९२८ मध्ये जिंकली. १९२९ मध्ये तर पहिले चारही क्रमांक बेंटलीचेच होते.

६/
१९२८ ची विजेती गाडी होती साडेचार लिटरची बेंटली. पुढे फेरफार झाला तो हिच्याच इंजिनात, म्हणून तिची मूळ मोजमापे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास १०० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १४० मिलिमीटर, एकूण आकारमान ४,३९८ घनसेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग. त्या काळाच्या मानाने हे अतिशय प्रगत यंत्र होते. रस्त्यावरच्या गाडीत ते ११० अश्वशक्ती देई, शर्यतीच्या गाडीत सुमारे १३०. बेंटली यांच्या दृष्टीने ही त्या इंजिनाची सुखाची मर्यादा होती.

७/
बर्किन यांना ही मर्यादा मान्य नव्हती. नॉटिंगहॅमच्या लेस उद्योगातील श्रीमंत घराण्यात १८९६ मध्ये त्यांचा जन्म झाला. महायुद्धात ते वैमानिक होते आणि पॅलेस्टाइनमध्ये त्यांना जडलेल्या मलेरियाने पुढे त्यांचा पिच्छा सोडला नाही. गळ्याभोवती उडणारा ठिपक्यांचा रुमाल, बोलण्यातील किंचित तोतरेपणा आणि गाडीला अखेरच्या मर्यादेपर्यंत पिळून काढणारे चालन, अशी त्यांची ख्याती होती. विशेष म्हणजे १९२९ ची ल माँ शर्यत त्यांनी वूल्फ बार्नाटो यांच्यासोबत बेंटली यांच्याच पद्धतीच्या साडेसहा लिटरच्या ‘स्पीड सिक्स’ गाडीतून जिंकली होती. तोवर दुसऱ्या मार्गावरचे त्यांचे काम सुरूही झाले होते.

८/
तो मार्ग म्हणजे सुपरचार्जर. लोहार भट्टीची आच वाढवण्यासाठी भात्याने हवा फुंकतो. तेच काम हे उपकरण इंजिनासाठी करते. साधे इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा आत घेईल तेवढीच घेते. सुपरचार्जर हवा दाबून आत कोंबतो. त्यामुळे त्याच सिलिंडरात अधिक इंधन जळू शकते. ‘ब्लोअर’ या नावाचा अर्थही फुंकणारा असाच. भात्याची उपमा केवळ अलंकारिक नाही. बर्किन यांच्या गाडीवर बसवलेला ‘रूट्स’ प्रकारचा सुपरचार्जर ज्या यंत्रापासून आला, त्याचे पेटंट अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये घेतले होते आणि झोतभट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी ते वापरले जाई.

९/
१९२० च्या दशकात ही कल्पना नवी राहिली नव्हती. १९२३ मध्ये मोंझा येथे फियाटच्या सुपरचार्जरयुक्त गाडीने इटालियन ग्रां प्री जिंकली आणि त्यानंतर शर्यतीच्या जगात या यंत्राची लाट आली. इंग्लंडमध्ये या विषयातील नामांकित अभियंता होते ॲमहर्स्ट व्हिलियर्स. बर्किन यांनी साडेचार लिटरच्या इंजिनासाठी सुपरचार्जर घडवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. सोबतीला क्लाइव्ह गॅलप होते. बेंटलीच्या अगदी पहिल्या इंजिनाच्या रचनेत ज्यांचा हात होता, तेच गॅलप आता त्या घराण्यातील इंजिनात फेरफार करणार होते.

१०/
डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा याला ठाम विरोध होता. आपल्या इंजिनावर सुपरचार्जर लादणे म्हणजे त्याची रचनाच विकृत करणे आहे, असे त्यांचे मत होते. हा केवळ निर्मात्याचा अहंकार म्हणता येणार नाही. इंजिनातील प्रत्येक भागाची जाडी, प्रत्येक बेअरिंगची रुंदी, तेलाची प्रत्येक वाहिनी एका ठरावीक दाबाचा आणि उष्णतेचा विचार करून आखलेली असते. शक्ती वाढवणारा एक भाग जोडला की उरलेल्या सर्व भागांचा हिशेब चुकतो. आणि चुकलेला हिशेब पहिल्या तासात दिसत नाही, अठराव्या तासात दिसतो.

११/
इंजिनाची मूळ मांडणी बदलण्यास त्यांनी संमती दिली नाही. त्यामुळे सुपरचार्जर इंजिनाच्या कुशीत न बसता गाडीच्या नाकासमोर, रेडिएटरच्याही पुढे बसला आणि क्रँकशाफ्टच्या टोकावरून थेट फिरू लागला. कार्ब्युरेटरही तेथेच, अगदी पुढे आले. ब्लोअर बेंटलीचा जो चेहरा आज दिमाखदार वाटतो, तो अशा एका मतभेदातून घडला आहे. रस्त्यावर मात्र त्याचे परिणाम वेगळे होते. आधीच दीड टनाहून जड असलेल्या गाडीच्या पुढच्या टोकावर नवे वजन लटकले. वळणावर गाडीचे नाक वळण्यास कुरकुरू लागले आणि पुढच्या टायरांची झीज वाढली.

१२/
आकडे मात्र मोह पाडणारे होते. रस्त्यावरच्या ब्लोअरची शक्ती ११० वरून १७५ अश्वशक्तीवर गेली, म्हणजे सुमारे ६० टक्के वाढ. शर्यतीच्या गाडीत ती मिनिटाला ४,२०० फेऱ्यांना २४० पर्यंत पोहोचली. म्हणजे १३० च्या तुलनेत जवळजवळ ८५ टक्के अधिक. साडेसहा लिटरची शर्यतीची स्पीड सिक्स सुमारे २०० अश्वशक्ती देई. दोन तृतीयांश आकारमानाचे इंजिन मोठ्या भावाला ४० अश्वशक्तींनी मागे टाकत होते. कागदावर हा निर्विवाद विजय होता.

१३/
कागदावर न दिसणारी बाजू सिलिंडरच्या आत होती. पिस्टन १४० मिलिमीटर धावतो, थांबतो आणि उलट फिरतो. मिनिटाला ४,२०० फेऱ्यांना तो सेकंदाला १४० वेळा दिशा बदलतो आणि त्याचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटरांहून अधिक असतो. या दिशाबदलाचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे ३,५०० वरून ४,२०० वर नेले, तर वेग वाढतो फक्त २० टक्के. पण पिस्टनला पकडून ठेवणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरील हा ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. लांब धावेच्या इंजिनाला ही वाढ विशेष जाचते. त्यावर सुपरचार्जरने वाढवलेल्या ज्वलनदाबाची भर निराळी.

१४/
दुसरा शत्रू उष्णता. अधिक इंधन जळाले की अधिक उष्णता निर्माण होते. पण ती बाहेर नेणारे पाणी, तेल आणि धातूचे पृष्ठभाग त्या प्रमाणात आपोआप वाढत नाहीत. शिवाय हवा दाबली की तीही तापते, म्हणजे मिश्रण आत शिरतानाच गरम असते. त्या काळचे पेट्रोल आजच्यासारखे नव्हते. अति दाबाखाली ते ठिणगीने सुरळीत पेटण्याऐवजी मध्येच भडका घेई आणि प्रत्येक भडका पिस्टनच्या माथ्यावर हातोड्याचा घाव घाली. स्पार्क प्लग काजळणे, व्हॉल्व्ह जळणे, पिस्टनला भोक पडणे, ही सारी या एकाच रोगाची लक्षणे.

१५/
हे धोके बर्किन यांच्या कारागिरांना ठाऊक होते. म्हणून ब्लोअरसाठी वेगळा, अधिक मजबूत क्रँकशाफ्ट घडवला गेला, पिस्टन बदलले, वंगणाची व्यवस्था बदलली. येथे फेरफाराच्या अर्थकारणाचा जुना नियम दिसतो. सुपरचार्जर हा खर्चाचा आरंभ असतो, शेवट नव्हे. एका भागाने शक्ती दिली की ती पेलण्यासाठी दुसरा भाग बदलावा लागतो, मग त्याला सांभाळण्यासाठी तिसरा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण मोटारींसाठी तयार झालेली नाही. पण येथे ती चपखल बसते.

१६/
हा मसाला पुरवायला पैसा कुठून आला? बर्किन यांनी वेलविन गार्डन सिटी येथे स्वतंत्र कार्यशाळा उभारली आणि त्यात त्यांची स्वतःची संपत्ती झपाट्याने आटली. तेव्हा मदतीला आल्या डोरोथी पॅजेट, लॉर्ड क्वीनबरो यांच्या कन्या आणि आईकडून अमेरिकेतील धनाढ्य व्हिटनी घराण्याच्या वारस. वय अवघे चोविशीच्या आसपास. त्यांनी ब्लोअरच्या संपूर्ण संघाचा खर्च उचलला. पुढे त्या घोड्यांच्या शर्यतीकडे वळल्या आणि त्यांच्या ‘गोल्डन मिलर’ या घोड्याने १९३४ मध्ये ग्रँड नॅशनल जिंकली.

१७/
पैसा मिळाला तरी एक अडसर उरला होता. ल माँच्या शर्यतीत उत्पादनातील गाड्याच उतरू शकत. त्यासाठी अशा ५० गाड्या बांधणे आवश्यक होते. म्हणजे एका चालकाच्या प्रयोगाला आता कारखान्याच्या उत्पादनात स्थान हवे होते. बर्किन थेट वूल्फ बार्नाटो यांच्याकडे गेले. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या वारशाचे धनी असलेल्या बार्नाटो यांनी १९२६ मध्ये आर्थिक संकटातील बेंटली मोटर्स सावरली होती आणि ते तिचे अध्यक्ष होते. त्यांनी होकार दिला. ज्यांचे नाव गाडीवर होते, त्या डब्ल्यू. ओ. यांचा विरोध बाजूला पडला. आपल्याच कंपनीत ते आता अंतिम निर्णयाचे धनी नव्हते.

१८/
अशा रीतीने ५० ब्लोअर गाड्या ग्राहकांसाठी आणि ५ शर्यतीसाठी तयार झाल्या. साडेचार लिटरच्या एकूण ७२० गाड्यांपैकी या ५५. त्या काळी कंपनी केवळ चॅसिस विकत असे. वरचा सांगाडा ग्राहक वेगळ्या कारागिराकडून करून घेई. साध्या साडेचार लिटरच्या चॅसिसची किंमत १,०५० पौंड होती, ब्लोअरची १,४७५ पौंड. म्हणजे सुमारे ४० टक्के अधिक किंमत मोजून ग्राहक जे घेत होता, ते अधिक वेगवान होते, पण अधिक तहानलेले आणि अधिक नाजूकही होते. ल माँच्या नियमाची पूर्तता करण्यासाठी कारखान्याचे कामगार, सुटे भाग आणि भांडवल या गाड्यांत गुंतले.

१९/
शर्यतीतील आरंभच सूचक होता. जून १९२९ च्या अखेरीस ब्रुकलँड्स येथील सहा तासांच्या शर्यतीत ब्लोअर प्रथम उतरली आणि शर्यत पूर्ण करू शकली नाही. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत बर्किन यांच्या एकआसनी ब्लोअरची धूरनळी तडकली, ज्वाळा कापडी सांगाड्याला लागल्या आणि गाडीला माघार घ्यावी लागली. प्रत्येक अपयशानंतर एक भाग सुधारला जाई आणि पुढच्या शर्यतीत दुसरा भाग हार मानी. साखळीतील सर्वांत कच्ची कडी दुरुस्त केली की तिची जागा पुढची कडी घेते.

२०/
आता पुन्हा जून १९३० च्या ल माँकडे. पॅजेट यांच्या संघाची एक गाडी आरंभरेषेपर्यंतही पोहोचली नाही, दोन उतरल्या. बर्किन यांच्यासोबत होते अनुभवी फ्रेंच चालक जाँ शासान्य. दुसऱ्या गाडीत डॉ. डडली बेंजाफील्ड आणि ज्युलिओ राम्पोनी. बर्किन यांनी ६ मिनिटे ४८ सेकंदांत फेरी पूर्ण केली. त्या वर्षीची ती सर्वांत वेगवान फेरी ठरली. समोरच्या मर्सिडीझलाही सुपरचार्जर होता, पण त्याची रचना निराळी होती. चालकाने पायखालचा पेडल तळापर्यंत दाबला तरच तो इंजिनाशी जोडला जाई; एरवी तो स्वस्थ राही. ती ताकद थोड्या वेळापुरती, गरज पडली तरच वापरायची होती. ब्लोअर बेंटलीचा सुपरचार्जर मात्र क्रँकशाफ्टला कायमचा जखडलेला होता. इंजिन फिरत असेपर्यंत त्याला विश्रांती नव्हती.

२१/
मध्यरात्रीनंतर मर्सिडीझची विद्युतयंत्रणा ढासळली आणि काराचिओला व त्यांचे सहचालक ख्रिस्तियान वेर्नर बाहेर पडले. यावरून एक लोकप्रिय कथा तयार झाली : बर्किन यांनी जाणूनबुजून स्वतःच्या इंजिनाचा बळी दिला, मर्सिडीझला पळवून पळवून दमवले आणि मागून येणाऱ्या स्पीड सिक्सचा मार्ग मोकळा केला. कथा सुंदर आहे. परंतु पॅजेट यांचा संघ आणि कारखान्याचा संघ हे दोन निरनिराळे संघ होते, आणि ब्लोअर हरण्यासाठी नव्हे तर जिंकण्यासाठी बांधली गेली होती. मर्सिडीझवर दबाव ठेवण्याचे काम बार्नाटो यांच्या स्पीड सिक्सनेही तितकेच चोख केले. अपयशाला त्यागाचे रूप देणे इतिहासाला नेहमीच सोपे जाते.

२२/
रविवारी दोन्ही ब्लोअर इंजिने कोसळली. बार्नाटो आणि ग्लेन किड्स्टन यांची स्पीड सिक्स पहिली आली. फ्रँक क्लेमेंट आणि डिक वॉटनी यांची स्पीड सिक्स दुसरी. विजयी गाडी ‘ओल्ड नंबर वन’ तीच होती, जिने १९२९ मध्येही ल माँ जिंकली होती. एकच गाडी, सलग दोन वर्षे. ४० अश्वशक्ती कमी असलेल्या इंजिनाने अधिक अंतर कापले होते. कारण चोवीस तासांच्या अखेरीस तेच चालू होते. बेंटली यांचे म्हणणे याहून ठळकपणे सिद्ध होणे शक्य नव्हते. मात्र त्या विजयाचा आनंद त्यांना फार काळ लाभला नाही.

२३/
ब्लोअरच्या बाजूनेही एक साक्ष नोंदवली पाहिजे. सप्टेंबर १९३० मध्ये पो येथील फ्रेंच ग्रां प्रीत बर्किन यांनी ही अवजड, चार आसनी जातीची गाडी हलक्याफुलक्या बुगाटी गाड्यांच्या घोळक्यात उतरवली आणि फिलीप एतांसलँ यांच्या मागोमाग दुसरा क्रमांक पटकावला. बेंटली म्हणजे जगातील सर्वांत वेगवान मालमोटारी, असा टोला एत्तोरे बुगाटी यांनी मारल्याचे सांगतात. त्या दिवशी ‘मालमोटारी’ने त्यांच्या बहुतेक गाड्यांना मागे टाकले. पण ही शर्यत होती सुमारे ४०० किलोमीटरांची. काही तासांपुरते हे इंजिन अफाट होते. दिवसभर ते तग धरत नव्हते.

२४/
पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर १९३० मध्ये, डोरोथी पॅजेट यांनी संघाचा खर्च थांबवला. दरम्यान जागतिक मंदीने महागड्या गाड्यांचा बाजार आटवला होता. बेंटली यांनी काढलेल्या आठ लिटरच्या भव्य गाडीच्या केवळ १०० प्रती बनल्या. १९३१ च्या मध्यावर बार्नाटो यांनी आणखी पैसा ओतण्यास नकार दिला आणि कंपनी अवसायनात गेली. नेपियर कंपनी ती विकत घेणार असे वाटत असताना एका मध्यस्थ संस्थेने अधिक बोली लावली. त्या संस्थेमागे रोल्स-रॉइस होती, हे स्वतः बेंटली यांनाही नंतरच कळले. सुमारे सव्वा लाख पौंडांत त्यांचे नाव प्रतिस्पर्ध्याच्या मालकीचे झाले.

२५/
ब्लोअरनेच कंपनी बुडवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मंदी आली नसती तरी कंपनीची आर्थिक प्रकृती कधीच धडधाकट नव्हती. परंतु भांडवलाची टंचाई असलेल्या कारखान्याने, मुख्य अभियंत्याचा विरोध असताना, शर्यतीचा एक नियम पाळण्यासाठी ५० गुंतागुंतीच्या गाड्या बांधल्या, आणि त्या गाड्यांनी ल माँची एकही शर्यत जिंकून दिली नाही, ही वस्तुस्थिती उरते. फेरफाराचा खर्च केवळ फेरफार करणाऱ्याच्या खिशातून जात नाही. मूळ वस्तूची पत, तिच्या निर्मात्याचे श्रम आणि कारखान्यातील कामगारांची रोजीरोटीही त्यात गहाण पडू शकते.

२६/
मग सुपरचार्जरच दोषी होता का? याचे उत्तर १९३१ च्या ल माँने दिले, आणि तेही बर्किन यांच्याच हातून. अर्ल हाऊ यांच्यासोबत त्यांनी त्या वर्षी अल्फा रोमिओ ८सी-२३०० गाडीतून शर्यत जिंकली आणि चोवीस तासांत प्रथमच ३,००० किलोमीटरांचा टप्पा ओलांडला. त्या गाडीलाही सुपरचार्जर होता. फरक हा की व्हित्तोरियो यानो यांनी ते इंजिन पहिल्या रेषेपासून सुपरचार्जर गृहीत धरून आखले होते. लहान सिलिंडर, हलके भाग, बेताचे वजन. सारे एकमेकांच्या हिशेबाने. दोष हवा कोंबण्यात नव्हता. एका हिशेबाने घडलेल्या यंत्रावर दुसरा हिशेब लादण्यात होता.

२७/
बर्किन यांनी ब्लोअरचा नाद सोडला नाही. मार्च १९३२ मध्ये एकआसनी ब्लोअरने त्यांनी ब्रुकलँड्सच्या बाह्य मार्गावर ताशी १३७.९६ मैल, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. दोन वर्षांनी तो मोडला जॉन कॉब यांनी, सुमारे २४ लिटरचे विमानाचे इंजिन बसवलेल्या नेपियर-रेल्टन गाडीतून. पुन्हा एकदा आकारमानाने बाजी मारली होती. तो पराभव पाहायला बर्किन हयात नव्हते. मे १९३३ मध्ये त्रिपोली येथील शर्यतीत तप्त धूरनळीला लागून त्यांचा हात भाजला होता. जखम चिघळली, त्यात जुना मलेरिया उलटला असावा, आणि २२ जून रोजी वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२८/
काळाने मात्र हिशेब उलटा मांडला. सामान्य वाचकाला आज स्पीड सिक्सपेक्षा ब्लोअरचे नाव अधिक ठाऊक असते. इयान फ्लेमिंग यांनी आपल्या कादंबऱ्यांत जेम्स बाँडला हीच गाडी दिली. बर्किन यांची एकआसनी ब्लोअर २०१२ मध्ये इंग्लंडमधील लिलावात ५० लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. बेंटली कंपनीने स्वतःच्या संग्रहातील शर्यतीची ब्लोअर सुटी करून, प्रत्येक भाग मोजून, १२ नव्या प्रतिकृती बांधण्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. १९३० मध्ये जी गाडी कंपनीला जड झाली होती, तीच आता तिच्या वैभवाची खूण आहे.

२९/
हा विरोधाभास समजण्याजोगा आहे. संग्रहालयातील गाडीला चोवीस तास धावावे लागत नाही. तिच्या बेअरिंगवर कुणाचा पगार अवलंबून नसतो. स्मृती वेग जपते, दुरुस्तीची बिले जपत नाही. म्हणून १९३० चा निकाल त्या मुलसानच्या सरळ रस्त्यावर थांबून वाचता येत नाही. तो रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत वाचावा लागतो. शनिवारी सर्वांत वेगवान गाडी ब्लोअर होती. रविवारी धावत होत्या त्या दोन स्पीड सिक्स, आणि कठड्याशी उभे असलेले, फारसे न बोलणारे डब्ल्यू. ओ. बेंटली त्यांच्या फेऱ्या मोजत होते.

(समाप्त)